एकाच वायफायवरचे दोन हॉल

सर्व सभासद, भाडेकरू, त्यांच्याकडे उतरलेले पाहुणे आणि जिन्यात बसणारं पिवळं मांजर यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका सुशिक्षित, मध्यमवयीन गृहस्थाने भर दुपारी, स्वतःच्या सोफ्यावर मांडी घालून, शेजारच्या घरात एक मेलेला माणूस परत आणला. सदर गृहस्थ म्हणजे मी. माझा हेतू वाईट नव्हता. हेतू विचारतंय कोण म्हणा.

मुलुंड पूर्वेला राहतो आम्ही. मजल्यावर दोनच घरं, मध्ये लिफ्ट. समोरच्या घरात काका-काकी. दोघं मालवणकडचे. काका तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका दवाखान्यात भांडाराचं काम बघायचे, आणि निवृत्त झाल्यावर एकदम संगीताचे रसिक झाले. त्याला कारण मीच. एका दिवाळीत मी हॉलसाठी मोठा स्पीकर आणला. लॅपटॉपवर गाणं लावायचं आणि ते तारेबिरेशिवाय, घरातल्या वायफायवरून, भिंतीजवळच्या त्या काळ्या ठोकळ्यातून वाजायचं. काका बघायला आले. गाणं ऐकलं, मग उठून स्पीकरच्या मागे वाकले, खाली वाकले, गालिचा उचलून बघितला.

"वायर खंय आसा?"

"वायरच नाही, काका."

"मग गाणा खंयसून येता?"

मी सांगायचा प्रयत्न केला. गाणं इंटरनेटवर असतं, लॅपटॉप स्पीकरला फक्त सांगतो की हे वाजव, आणि पुढचं स्पीकर स्वतःच बघतो. काकांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात अगदी तसाच, त्याच रंगाचा स्पीकर आणला. पण इंटरनेट घेतलं नाही. "एका भिंतीक दोन वायफाय कित्याक?" हा त्यांचा प्रश्न. आमच्या मजल्यावर वर्तमानपत्र, कढीपत्ता आणि एकमेकांच्या घराच्या किल्ल्या पूर्वीपासून इकडून तिकडे जातच होत्या. त्यात वायफाय गेलं.

स्पीकर जोडताना त्याला नाव द्यावं लागतं. माझ्याचं नाव मी 'हॉल' ठेवलं होतं. काकांना म्हटलं, तुमच्याला 'काका' देऊ का?

काका दुखावले. "तुमचो तो हॉल, आणि आमचो काय गोठो?"

झालं. त्यांचाही 'हॉल'. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक दोन हॉल दिसायला लागले. पहिले काही दिवस त्यांची भजनं आमच्याकडे वाजायची आणि आमच्या गझला त्यांच्याकडे. काकी दार वाजवून सांगायची, "तुमचो तो रडको माणूस आमच्याकडे इलो हा, घेऊन जा." मग लक्षात राहिलं, वरचा हॉल आमचा, खालचा त्यांचा.

गेल्या वर्षी काका गेले. काकीने स्पीकरची पिन काढून ठेवली आणि त्यावर विणलेला रुमाल घातला. माझ्या पडद्यावर एकच हॉल उरला. सुरुवातीला ते मला खुपायचं. मग सवय झाली, आणि नंतर तर कधी दोन होते हेच मी विसरलो.

आता या गोष्टीतला खरा धोका सांगतो. मध्यंतरी काकीची अँजिओप्लास्टी झाली. तिची लेक दहिसरला राहते, नोकरी करते, दर रविवारी येते. बाकीचे दिवस काकी आमच्या भरवशावर. लेकीने आम्हा नवराबायकोला समोर बसवून सूचना दिल्या, जशा शाळेत सहलीला नेताना देतात. गोळ्या वेळेवर. जड बादली उचलायची नाही. दुपारी झोपताना आतून कडी घालायची नाही, म्हणजे वेळ आलीच तर तुमच्या किल्लीने दार उघडता येईल.

"आणि तिला एकदम दचकायला होईल असं काही होऊ देऊ नका हं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलंय."

"छे छे," मी म्हणालो. "आमच्याकडून कसलं दचकणं."

त्या बाईने नंतरच्या एका रविवारी आईचं मन रमावं म्हणून तो स्पीकर रुमालाखालून काढून पुन्हा जोडला आणि आईच्या फोनवर भजनं लावून दिली. मला सांगितलं नाही. भजन ऐकायला शेजाऱ्याची परवानगी कशाला लागते?

आता माझा धंदा. पोटाचा नव्हे, हौसेचा. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एकांकिका असते आणि ती दरवर्षी मी बसवतो. लोक तक्रार करतात आणि पुन्हा मलाच सांगतात. यंदाची एकांकिका भुताची. मेलेला घरमालक आपल्या घरी परत येतो. रंगमंचावर तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो, त्यामुळे सगळी मदार आवाजांवर. आवाज मी स्वतः केले. गच्चीत प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर ऑफिसचे बूट घालून फेऱ्या मारल्या. खुर्ची ओढली. खोकलो. साठी ओलांडलेला पुरुष जसा सकाळी आंघोळीआधी खोकतो, खोलातून, घरातल्या सगळ्यांना मी उठलोय हे कळवणारा, तसा खोकलो. मग आवाज जाड करून संवाद म्हटले आणि त्यावर विहिरीत बोलल्यासारखा घुमारा चढवला. त्या घुमाऱ्यात कुणाचाही आवाज कुणाचाही वाटला असता, हे तेव्हा मला यश वाटलं होतं.

हे सगळं मी संगीताचे तुकडे मध्ये घालून ओळीने लावलं आणि आमच्या मंडळींना ऐकता यावं म्हणून इंटरनेटवर चढवलं. आधी सारंगी, मग पावलं, मग खुर्ची, पुन्हा सारंगी, खोकला, आणि शेवटी भूत बोलतं.

त्या दुपारी मला ते मोठ्या स्पीकरवर ऐकायचं होतं. लॅपटॉपच्या आवाजात माझं भूत डासासारखं वाटत होतं. बायको आत इस्त्री करत होती. शेजारच्या प्लॉटवर जुनी इमारत पाडून नवीन टॉवरचा पाया खणणं चाललंय, ते यंत्र सकाळपासून जमिनीत ठोके घालत होतं. एकेका ठोक्याला कपातल्या चहावर वलय उठत होतं. मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर 'हॉल' होता. एकच. मी बोट ठेवलं.

काही वाजलं नाही.

पडद्यावर मात्र सगळं सुरळीत. हॉल, चालू आहे. रेघ पुढे सरकतेय. यंत्राच्या आवाजात ऐकू येत नसेल म्हणून मी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. शेवटपर्यंत नेला. उठून स्पीकरवर चापटी मारली. रेघ सरकतच होती. म्हणजे सारंगी झाली असणार, पावलं झाली असणार. कुठे झाली, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी सोफ्यावर बसून चहा प्यायलो. आपल्यासमोर काहीतरी चालू आहे आणि आपल्याला ते ऐकू येत नाही, एवढंच वाटत होतं, आणि तेही जरा गमतीचं.

मग यंत्र थांबलं. कामगारांची जेवणाची सुट्टी झाली असावी. इतक्या गोंगाटानंतर अशी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

आणि लिफ्टच्या पलीकडून, बंद दारांमधून, मी खोकलो.

मी सोफ्यावर होतो. माझं तोंड बंद होतं. समोरच्या घरात, जिथे गेलं वर्षभर एकही पुरुष राहत नव्हता, तिथे एक पुरुष खोकला. थांबला. पुन्हा खोकला, जरा जवळून. मानेवरचे केस उभे राहतात असं मी माझ्या नाटकांतून वीस वेळा लिहिलंय. खरोखर उभे राहतात. आधी मानेवरचे, मग हातावरचे.

"ऐकलंस का गं?" मी ओरडायला गेलो, पण आवाज बारीक निघाला.

बायको इस्त्री हातात घेऊन दारात आली. "काय झालं? असा का बसलायस?"

"स्पीकर चालत नाहीये."

"चालेल कसा? पिन मी काढलीय त्याची. तिथे इस्त्री लावली होती, मग वायर पुरेना म्हणून आत गेले." ती थांबली. "समोर कोण आलंय? कोण खोकतंय?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं. एकत्र राहून इतकी वर्षं झाली की ती काही विचारत नाही, नुसती बघते, आणि मग मला सगळं आपोआप समजतं. आमचा हॉल बंद होता. मग पडद्यावर जो हॉल होता तो कुणाचा?

मी लॅपटॉपवर झडप घातली आणि पहिलं सुचलं ते केलं, झाकण मिटलं. आता तुम्ही म्हणाल थांबलं असेल. मी काकांना एवढं समजावून सांगितलं होतं की लॅपटॉप फक्त सांगतो, वाजवतो स्पीकर, आणि नेमकं तेच विसरलो. समोरचा स्पीकर आपलं काम करत राहिला. खोकला थांबला आणि भूत बोललं. पूर्ण आवाजात. मी लिहिलेलं वाक्य, मी म्हटलेलं, आणि त्या क्षणी मला जगातलं सगळ्यात घाणेरडं वाटलेलं.

"मी परत आलोय. घाबरू नकोस. पाणी दे."

मी झाकण उघडलं. पडदा पासवर्ड मागायला लागला. घाईत टाकला. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. समोर सारंगीमागून पावलं सुरू झाली, यादी संपून पहिल्यापासून लागली होती. टाक, टाक, टाक. बायकोने इस्त्री खाली ठेवली, टीव्हीच्या मागे हात घातला आणि वायफायची पिनच उपटून काढली.

समोर एकदम शांत.

ही शांतता जास्त वाईट होती. आवाज होता तोवर निदान काहीतरी चालू होतं. आता कान देऊन ऐकलं तर त्या घरात काहीच नव्हतं. भांडं नाही, पाऊल नाही, काकीचं ते स्वतःशी चाललेलं पुटपुटणं नाही.

आम्ही दाराबाहेर आलो. बायकोने बेल दाबली. बेल आत वाजली, व्यवस्थित वाजली. कुणी आलं नाही.

"काकी," बायकोने हाक मारली. "ओ काकी."

"झोपली असेल," मी म्हणालो.

"त्या आवाजात?"

तिने फोन लावला. काकीच्या फोनची रिंग आम्हाला दारातून ऐकू आली. वाजत राहिली, वाजत राहिली आणि दमल्यासारखी बंद झाली. मी आयुष्यभर प्रेक्षकांना घाबरवायचे उद्योग केलेत. पडद्यामागे पत्रा हलवून वीज केलीय, अंधारात भांडं पाडलंय, आणि पुढच्या रांगेतून कुणी किंचाळलं की मला आनंद झालाय. आता मी एका बंद दाराच्या पुढच्या रांगेत उभा होतो.

"किल्ली आण," बायको म्हणाली.

किल्ली आणली. कुलुपात घातली, फिरली. दार बोटभर आत गेलं आणि अडलं. वरची कडी आतून लावलेली होती.

जी घालायची नाही असं ठरलं होतं ती कडी. काकी ठरलेलं मोडणाऱ्यांतली नव्हती. लेकीने सांगितल्यापासून दुपारी तिचं दार नुसतं लोटलेलं असायचं, किल्लीसुद्धा लागायची नाही. आज कुलूपही आणि कडीही. म्हणजे काहीतरी ऐकून ती उठली, दारापर्यंत आली, कडी लावली, आणि नंतर? नंतरचं मला दिसायला लागलं. दाराच्या आत, खाली, लादीवर. मी बोटभर फटीला डोळा लावला. चपलांचा स्टँड आणि भिंतीचा तुकडा, एवढंच दिसलं. फटीतून दूध उतू गेल्याचा वास आला.

"दूध जळतंय," मी म्हणालो.

"मला वास येतोय."

"म्हणजे ती गॅसजवळ..."

"गप बस रे जरा."

तिची बोटं फोनवर होती. काकीच्या लेकीचा नंबर पडद्यावर होता, फक्त दाबायचं बाकी होतं. ती दाबत नव्हती. काय सांगणार? तुझ्या आईला दचकवू नका म्हणालीस, म्हणून आम्ही तुझ्या वडिलांना पाठवलं? ते हसण्यासारखं आता वाटतं. तेव्हा मी भिंतीला टेकलो होतो. काकीचं हृदय किती नाजूक आहे ते मला ठाऊक होतं. त्या हृदयात बसवलेली बारीकशी जाळी डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवली तेव्हा मी शेजारी बसून मान डोलावली होती.

"दार तोडायचं का?" मी विचारलं.

"तू तोडणार?"

मी खांदा लावला. दार हललं नाही. खांदा मात्र हलला.

"दहापर्यंत मोजते," बायको म्हणाली. "मग तिला फोन, आणि वॉचमनला वर बोलाव."

ती मोजायला लागली आणि आतून आवाज आला. बादलीची कडी बादलीवर पडल्याचा. मग लादीवर काहीतरी ओलं, फरफटत, आमच्या दिशेने. सर, सर, थांबलं. सर, सर. बायकोने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. ती मोजणं विसरली होती. मला आत काकी आहे असं वाटायला हवं होतं, आणि खरं सांगतो, वाटलं नाही. वाटलं की मी ज्याला बोलावलं तो आत आहे.

कडी निघाली. दार उघडलं.

काकी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात लादी पुसायचं ओलं फडकं, चेहऱ्यावर घाम. ओठ पांढरे. पण उभी होती. बायकोने तिला हात धरून आत खुर्चीत बसवलं, नाडी बघितली, मला म्हणाली गॅस बंद कर. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेलं आतून काळं झालं होतं. परत आलो तेव्हा मला हॉल दिसला. स्पीकर उघडा, त्याचा छोटा दिवा लुकलुकत होता, आणि त्याच्यापुढे स्टुलावर पाण्याने भरलेलं फुलपात्र, ताटलीने झाकलेलं.

"काकी, छातीत दुखतंय का?" बायको विचारत होती. "घाम का आलाय? गोळी घेतलीत?"

"हळू बोल गो," काकी म्हणाली. तिने आतल्या खोलीकडे बघितलं. "हे इलेत."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथेच बसलो असतो.

"कोण आलंय?"

"हे. खोकले. पाणी मागल्यानी."

"आणि कडी का घातलीत? आम्ही किती घाबरलो माहितीये? किल्ली चालेना."

"परत गेले असते तर?" काकी म्हणाली. अगदी साधं, दुधाच्या हिशोबाइतकं साधं. तिचे डोळे लख्ख होते, आणि ती स्वतःच्या हॉलमध्ये पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती. बायकोने तिला गोळी दिली. पाणी द्यायला ती स्टुलाकडे वळली तेव्हा काकीने मान हलवली, ते नको, दुसरं आण.

हळूहळू ओठांवर रंग आला. नाडी बरी आहे अशी बायकोने मला खूण केली, आणि त्याच खुणेत हेही होतं की आता बोल. मी काकीसमोर खाली बसलो. काय सांगायचं ते माहीत होतं. तो खोकला माझा, काकी. ती पावलं माझी. काका आले नाहीत, लॅपटॉपवरून मी आलो, चुकीच्या हॉलमध्ये. एवढंच सांगायचं. तिच्या त्या डोळ्यांकडे बघत सांगायचं. ओली लादी चमकत होती. दारापासून आतल्या खोलीपर्यंत तिने सरळ पट्टा पुसून काढला होता, आणि फडकं अजून तिच्या मांडीवर टिपटिप गळत होतं.

"काकी," मी म्हणालो, "ते जे आवाज आले ना..."

पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या पट्ट्याकडे बघत होती. इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या तोंडून एकदम सुटलं.

"इले तर इले, पण पायताणा घालून घरभर फिरतत. मेल्यार तरी ती भायर काढूक नको?"